कारण लिहा

घरात एक सबंध इंजिनिअर असताना दहावीचं गणित माझ्या वाट्याला कसं आलं, हे आमच्या नातेवाइकांना अजून उलगडलेलं नाही. इंजिनिअर नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे : "मला येतं गं, पण समजावता येत नाही." स्वयंपाकाच्या बाबतीत त्याचं नेमकं उलटं आहे. तर विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासणारी मी, रात्रीची भांडी आवरली की लेकीची पुस्तकं घेऊन बसते. भाग 1 म्हणजे बीजगणित, भाग 2 म्हणजे भूमिती. दोन्हींचे 40-40 गुणांचे लेखी पेपर आणि वर 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ते अंतर्गत गुण आईला मिळत नाहीत, याची चौकशी मी करून झाले आहे.

बीजगणिताशी माझं भांडण नाही. भला विषय आहे. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की अधिकचं उणे करायचं, एवढा एक नियम पाळला की बराच पल्ला गाठता येतो. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट, तर आजची वयं काढा. मुलगा क्ष धरला की गणित आपोआप घरंगळत उत्तराशी येतं : मुलगा 12, वडील 36. बारा वर्षांनी ते 24 आणि 48 होतील. पुढे गुणोत्तर घटतच जाणार; उपदेश मात्र तेवढाच राहणार, पण तो विचारलेला नाही.

वर्गसमीकरणंही माणसाळलेली वाटली. क्ष वर्ग वजा पंधरा क्ष अधिक चोपन्न बरोबर शून्य. गुणाकार 54 आणि बेरीज 15 येईल अशा दोन संख्या हुडकायच्या : सहा आणि नऊ. अवयव पडेनातच, तर सूत्र आहे. 'वजा बी, अधिक-उणे, वर्गमूळात बी वर्ग वजा चार ए सी, भागिले दोन ए' हे मी आजही चालीवर म्हणू शकते. त्या वर्गमूळातला ऐवज ऋण निघाला, तर 'वास्तव मुळे नाहीत' असं लिहून मोकळं व्हायचं. "मग उत्तर काय?" लेकीने विचारलं. म्हटलं, हेच उत्तर. आमच्या कार्यालयात याला 'दावा नामंजूर' म्हणतात.

अर्थनियोजनाच्या प्रकरणात 18 टक्के जीएसटीचे 9 केंद्राचे आणि 9 राज्याचे करायचे असतात. हे समजावायला नवरा आपण होऊन आला.

खरी परीक्षा भाग 2 मध्ये. भूमितीत आकृती समोर असते, त्यामुळे आधी वाटतं की यात काय आहे! वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या आहेत. त्यांचे स्पर्शबिंदूपर्यंतचे दोन्ही तुकडे सारखे आहेत, हे दाखवायचं. मी म्हटलं, "सारखेच आहेत. दिसतंय की."

"दिसतंय चालत नाही, आई. कारण लिहावं लागतं."

सासूबाईंना पेन्शन मिळते. दर नोव्हेंबरात त्या खिडकीपाशी जातीने उभ्या राहतात, आणि खिडकीतला माणूस त्यांच्याकडे बघत त्यांच्याकडेच हयातीचा दाखला मागतो. भूमिती ही ती खिडकी आहे. तुम्ही धडधडीत समोर आहात, हे तिथे ग्राह्य नाही. मग आधी वर्तुळकेंद्र बाहेरच्या बिंदूला जोडा. केंद्रातून स्पर्शबिंदूंना दोन त्रिज्या काढा. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते म्हणून दोन काटकोन मिळाले. कर्ण सामाईक. त्रिज्या सारख्या. म्हणून कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, आणि म्हणून ते तुकडे सारखे. जे पहिल्याच नजरेत कळलं होतं, तिथे अर्धं पान चालून पोचायचं, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण.

या कसोट्यांची नावं आम्ही घोकतो ('बा' म्हणजे बाजू, 'को' म्हणजे कोन) : बाकोबा, कोबाको, बाबाबा. एका रात्री सासूबाई उठून बघायला आल्या की घरात कुणाचं तान्हं आलंय. त्यात 'बाबाको' नावाची कसोटी नसते, हे लक्षात ठेवायचं, कारण दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन एवढंच दिलं तर दोन वेगवेगळे त्रिकोण निघू शकतात. रचनेच्या प्रकरणात तर आणखी गंमत. कर्कटकाने काढलेले कंस पुसायचे नाहीत, गुण त्यांनाच असतात. जन्मभर कच्चं काम लपवायची सवय लागलेल्या बाईला हे पचायला जड जातं.

या सगळ्याचा संसर्ग घरभर झाला आहे. "नऊ वाजता मोबाइल बंद." "कारण?" "मी सांगते म्हणून." "हे कारण नाही, हे गृहीतक आहे." पण मीही भाग 2 वाचत होते. म्हटलं, गृहीतकच आहे, आणि गृहीतकाला सिद्धता लागत नाही. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाची सिद्धता द्यायला मोठमोठी डोकी दोन हजार वर्षं झटली आणि हात हलवत परत आली. तू दहावीत आहेस. मोबाइल बंद झाला. भूमितीचा मला झालेला हा पहिला उपयोग.

पायथागोरसपाशी मात्र माझी कॉलर ताठ झाली, कारण माझं माहेर चाळीसगावचं. तिथून जवळ पाटणादेवीला 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे आमच्या तालुक्यात गणिताचे क्लास आठशे वर्षांपूर्वीपासून. आजोबांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत पायथागोरसच्याच प्रमेयावरचं एक उदाहरण आहे : नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ, आणि साप 27 हातांवरून बिळाकडे निघालाय. मोर तिरका झेपावतो. दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती अंतरावर गाठतो? उत्तर 12 हात. साप 15 हात सरपटतो, मोर 15 हात उडतो. आमच्या पुस्तकात मोर नाही. तिथे कुणीतरी भिंतीला शिडी टेकवून ठेवतं आणि निघून जातं. वर कोण चढणार होतं, काय काढायचं होतं, काही कळत नाही. मी शिडीऐवजी मोर घेतला, तर लेकीने विचारलं की मोराचा वेग सापाइतकाच कशावरून. कारण लिहा.

याच सुमारास स्वयंपाकघरात फरशीचं काम निघालं. मिस्त्रींनी कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. मी हरखून लेकीला हाक मारली, "बघ, पायथागोरस!"

तिने टेपकडे पाहिलं. "हा पायथागोरस नाही, आई. काटकोन आहे म्हणून बाजू काढल्या तर पायथागोरस. हे काका बाजूंवरून काटकोन ठरवतायत. हा व्यत्यास आहे."

मिस्त्री आपण काहीतरी तोडल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना धीर दिला. टेप पाच फूट अर्धा इंच दाखवत होता. लेक वही घेऊन ओट्याला टेकली. सगळं इंचांत : 36 चा वर्ग, 48 चा वर्ग, त्यांची बेरीज 3600. साडेसाठचा वर्ग 3660 आणि वर थोडं. समान नाही, म्हणून काटकोन नाही. पुढचं तिला येत नव्हतं, ते तिने बापाकडून काढून घेतलं. समजावता न येणाऱ्या माणसाने हॉलमधून ओरडून सांगितलं, कोन एक अंशाने जास्त आहे.

"एक अंश ना?" मिस्त्रींनी टेप गुंडाळला. "ताई, तो फटीतल्या ग्राउटमध्ये जातो."

लेकीने पेन उचललं. "आणि कारण?"

"कारण ओटा बसवून झालाय," मिस्त्री म्हणाले.