गाडी खालून बघावी

कोकणात जुनी गाडी घेताना पैसे तेवढे एकट्याने द्यायचे असतात, बाकी सगळ्यात वाडीचा वाटा असतो. मी १९९८ ची मारुती ८०० आणून खळ्यात लावली आणि हातपाय धुऊन बाहेर आलो, तेवढ्यात तिच्याभोवती माणसं जमली होती. ज्याला गाडीतलं थोडं कळतं तो टायरला लाथ मारतो. ज्याला काहीच कळत नाही तो बॉनेट उघडायला लावतो आणि आत बघून 'हं' म्हणतो. शेजारचे मास्तर जन्मभर एसटीने फिरले. त्यांनी दोन्ही केलं.

"कितक्याक घेतलंस रे?"

घेतली होती ३५ हजारांना. सांगितले २५. आमच्याकडे घेतल्याचा आकडा उतरवून आणि विकल्याचा चढवून सांगायची रीत आहे.

"फसलंस," मास्तर म्हणाले.

२५ ला फसलो, तर ३५ ला माझं नेमकं काय झालं, हे विचारायची सोय नव्हती.

गाडी होती देवबागची. ज्यांनी देवबाग पाहिलंय त्यांना एवढं पुरे. न पाहिलेल्यांसाठी सांगतो: एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, माणसं आणि ही गाडी. आधीच्या मालकांनी तिच्यावर जीव लावला होता. "रोज धुतलेली गाडी आहे," ते अभिमानाने म्हणाले. मी मान डोलावली. त्यांच्या विहिरीचं पाणी मी चहातून प्यायलो होतो आणि चहा खारट लागला होता, पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझ्या डोक्यात होतं मॉडिफिकेशन. पुण्याला शिकणारा भाचा मला रात्री-बेरात्री फोटो पाठवत असे. खाली बसलेल्या, रुंद चाकांच्या, मागे पंख लावलेल्या मारुती ८००. ज्या गाडीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला १९८३ च्या डिसेंबरात खुद्द इंदिरा गांधींनी किल्ली दिली आणि जिचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, ती मधल्या काळात काय काय सोसून बसली आहे हे त्या फोटोंतून कळत होतं. मी एक वही केली. अलॉय व्हील, स्पॉयलर, लाल शिलाईची सीट कव्हरं, स्पीकर. खाली बेरीज ४० हजार, आणि तिच्याखाली दोन रेघा. दोन रेघा मारल्या की हिशेब बदलत नाही अशी माझी समजूत होती.

बायको सांगलीची. तिने वही बघितली आणि म्हणाली, "अहो, ३५ आणि ४० म्हणजे ७५. एवढ्यात मागच्या पडवीची कौलं बदलून झाली असती." पडवीला अलॉय व्हील लागत नाहीत हे उत्तर मला सुचलं ते ती आत गेल्यावर.

मेस्त्रींचं गॅरेज कुडाळच्या रस्त्याला, एका काजूच्या झाडाखाली. झाडाला टेकून टायर, फांदीला टांगलेले सायलेन्सर. मी वही पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली, बॅटरी घेतली आणि गाडीखाली सरकले. खालून बराच वेळ काही आवाज आला नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून गप्प बसला की आपण जसे उगाच खोकतो, तसा मी खोकलो. मग खालून स्क्रू ड्रायव्हरने ठोकल्याचा आवाज आला. टक. टक. टक. भस्स. आणि ड्रायव्हरच्या सीटपुढच्या मॅटला मधोमध टेंगूळ आलं.

मेस्त्री बाहेर आले. "मालक, इंजिन एकदम बरा आसा," ते म्हणाले. "पण ता बसवचा खय?"

मॅट उचलली. खाली पत्रा घावण्यासारखा जाळीदार झाला होता, आणि त्या जाळीतून काजूचा पालापाचोळा स्वच्छ दिसत होता. मग मेस्त्रींनी मला गाडीची प्रदक्षिणा घडवली. दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. काचेवरून आत ओघळलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. आमच्या गाडीची ती भोकं आधीच्या मालकांनी खालून पाणी आत शिरू नये म्हणून एकूण एक पुट्टीने बुजवली होती. त्यामुळे आत गेलेलं पाणी तिथेच राहिलं, निवांत, वर्षानुवर्षं. बाहेरून रंगाला फक्त बारीक फोड आले होते. मेस्त्रींनी त्यातला एक अंगठ्याने दाबला आणि अंगठा आत गेला. पुढचे फोड मी त्यांना दाबू दिले नाहीत.

रबरी मॅटखाली ओल धरते, हवेतलं मीठ त्या ओलीत उतरतं, आणि मिठाच्या ओलीत लोखंड नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर सडतं. वर आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस. "दर्यान खाल्ल्यान," मेस्त्री म्हणाले आणि चहा सांगितला.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. गंजावर वाडीत इतके उपाय असतील याची मला कल्पना नव्हती. आबा म्हणाले, "वाश्यांक लावतंव ता जळका ऑइल लाव. वाळवी येवची नाय."

"आबा, पत्र्याला वाळवी लागत नाही."

"म्हणानच सांगतंय."

मच्छीमारी करणारे एक काका आले. त्यांचं म्हणणं, होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावतात, मग समुद्र तिच्या वाटेला जात नाही. गाडीचं काय घेऊन बसलास. तर्क बिनतोड होता. फक्त ते तेल कातडीला लागलं की कातडी सोलून निघते, आणि गाडीखाली उताणं पडून तेल वर फासायचं तर ते खाली कोणाच्या तोंडावर टपकणार, याचा विचार होडी उलटी करून रंगवणाऱ्यांना करावा लागत नाही. मास्तरांचा उपाय सर्वांत सोपा होता. भंगारात घाल.

मेस्त्रींनी कोणाचंच ऐकलं नाही. सडलेला भाग कापायचा, तिथे २२ गेजचा नवा पत्रा बेतून वेल्डिंग करायचं, त्यावर गंज रोखणारा रेड ऑक्साइड, मग अंडरकोटिंग, म्हणजे तळाला जाड काळा लेप. तळ, दोन्ही रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, चारही दारांचे तळ. मी घरी येऊन वही उघडली. अलॉय व्हीलचे पैसे डाव्या रनिंग बोर्डात गेले. स्पॉयलरचे उजव्या. स्पीकर ड्रायव्हरच्या पायाखाली वेल्ड झाले. दोन रेघांच्या खाली तिसरी बेरीज लिहिताना मी अक्षर मुद्दाम बारीक काढलं.

मग सुरू झालं 'उद्या येवा'. मेस्त्रींचा उद्या हा पंचांगातला दिवस नव्हे. आधी आंब्याचा हंगाम होता, तेव्हा सगळे टेम्पो आधी. मग पाऊस लागला, आणि पाऊस लागला की वीज जाते, वीज गेली की वेल्डिंग थांबतं. वीज आली तर हवेत इतका दमटपणा की फवारलेला रंग सुकताना दुधी पडतो आणि पुन्हा घासावा लागतो. त्यात चतुर्थी जवळ आली. गणपतीला मुंबईकर येतात, आणि घाट उतरून आलेल्या त्यांच्या गाड्यांना पहिला मान असतो, कारण ते पैसे लगेच देतात. माझी गाडी काजूखाली विटांवर उभी. तिच्या डिकीत एका मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागली. मेस्त्री म्हणाले, "बघा, गाडी वापरात आसा."

इंजिनाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर आणि चार गिअर. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलले, कारण आता पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. चोक ओढला आणि गाडी सुरू झाली. या इंजिनाला कुरकुर करायची कला अवगतच नाही. जो माणूस तक्रार करत नाही त्याच्यावर लिहायला काही मिळत नाही.

एक मॉडिफिकेशन मात्र मी केलंच, आणि त्यावर मी कोणाशीही कितीही वेळ बोलायला तयार आहे. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून दिव्यांपर्यंत जातो. एवढ्या लांबच्या, बारीक, म्हाताऱ्या वायरीतून जाताजाता व्होल्टेज दमतं आणि बल्ब पिवळट पडतो. लोक मग जास्त वॅटचे बल्ब टाकतात, आणि वितळलेली वायर बदलतात. आम्ही रिले बसवली. आता बटण फक्त रिलेला हुकूम देतं, आणि रिले बॅटरीतून जाड वायरीने थेट दिव्यांना करंट पोचवते. बल्ब तेच, ६०/५५ वॅटचे. पण पहिल्या रात्री चौक्याच्या वळणावर रस्त्याकडेची कोल्हीण मला स्पष्ट दिसली, तिच्या चेहऱ्यावरच्या भावासकट. खर्च हजाराच्या आत. मी हे उत्साहाने मास्तरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "दिवसा तेचो काय उपयोग?"

आणि हीच खरी पंचाईत आहे. सगळे पैसे गेले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, आणि राहतो मी अशा ठिकाणी जिथे दिसेल ते सगळे बघतात. गाडी गणपतीच्या आदल्या दिवशी घरी आली, जशी गेली तशीच. पांढरी गेली, पांढरी आली. बायकोने एक फेरी मारली. "रंग तोच?" म्हटलं, हो, आरसी बुकात पांढराच लिहिलाय. "मग तुम्ही केलंत काय?"

तेव्हापासून मी खळ्यात एक गोणपाट ठेवलंय. कोणी विचारलं की मी ते गाडीशेजारी अंथरतो, बॅटरी हातात देतो आणि सांगतो, खाली झोपा. नवा तळ, सरळ वेल्ड, काळंभोर अंडरकोटिंग, मोकळी भोकं. दाराच्या भोकातून पाणी निघतं ते दाखवायला मी तांब्याही तयार ठेवतो. आबा एकदा झोपले आणि त्यांना तिथेच डोळा लागला, ही मी पसंतीची पावती समजतो. मुंबईहून आलेला चुलतभाऊ मात्र कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यात होता. तो म्हणाला, "वरूनच छान दिसते रे." माझ्या गाडीबद्दल याहून जिव्हारी लागेल असं कोणी बोललं नव्हतं.

पहिला नारळ आबांनी वाढवला. आमचं गाऱ्हाणं म्हणजे देवाला पोचवायचा अर्जच, त्यात काही मोघम ठेवत नाहीत. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या पोरान जी ही जुनी गाडी घेतल्यान हा, ती फोंडा घाटात बंद पाडू नको रे म्हाराजा!" मागे उभी असलेली वाडी ओरडली, "होय म्हाराजा!" "आणि हेका अजून खर्च करूची बुद्धी देव नको रे म्हाराजा!" या वेळचा 'होय म्हाराजा' सर्वांत मोठा होता. त्यात आमच्या घरातून आलेला बायकी आवाज मला ओळखू आला.

आता राहिली होती नोंदणी. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि १ एप्रिल २०२२ ला ६०० रुपयांचं शुल्क ५,००० झालं होतं. अंडरकोटिंगची दुसरी थाप त्यात गेली. शिवाय ओरोसला आरटीओत जाताना मनात धाकधूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगून ठेवलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही. भाच्याच्या फोटोंतल्या निम्म्या गाड्या तिथे दारातच जप्त झाल्या असत्या.

साहेबांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे लावायला सांगितले, ब्रेक बघितला, गाडीभोवती शांतपणे फिरले.

"काही बदल केलेत?"

मी गोणपाट काढायला डिकीकडे वळणार होतो. पण ते आधीच लिहीत होते. "काही बदल दिसत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. एवढी वही भरून खर्च केल्यावर हे ऐकून हसावं की रडावं ते कळेना. कायद्याच्या दृष्टीने मात्र यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

मग त्यांनी हॉर्न दाबला.

तो भाच्याने गणपतीच्या सुट्टीत स्वखर्चाने बसवलेला होता. एकापाठोपाठ एक सूर, वर जाणारे, मग खाली येणारे, आणि शेवटी एक गिरकी. आवारातली सगळी माणसं वळली. रांगेतला एक रिक्षावाला टाळ्या वाजवायला लागला. साहेबांनी गिरकी पूर्ण होऊ दिली आणि सांगितलं, अनेक सुरांचा हॉर्न चालत नाही, नियम ११९, हा काढा आणि साधा लावून आणा.

काढला. तो आता आमच्या मासेवाल्याच्या एम ८० वर आहे. नियम त्यालाही लागू आहे हे मी त्याला सांगितलंय, पण वाडीच्या सोयीपुढे त्याने ते मनावर घेतलेलं नाही. सुरमई असली तर तो गिरकीपर्यंत वाजवतो, नुसते बांगडे असले तर दोन सुरांवर थांबतो. बायको घरातूनच ऐकून ठरवते, पिशवी घेऊन बाहेर यायचं की नाही. "तुमच्या गाडीवर केलेल्या खर्चात," ती परवा म्हणाली, "हा एक कामाचा निघाला."

त्याचे पैसे भाच्याने दिले होते, हे मी तिला सांगितलेलं नाही.