सोलापुरात उन्हाळ्यात आजारी पडणाऱ्यांसाठी काही टिप्स

शक्यतो मे महिन्यात पडूच नका. पारा 43 च्या वर गेला की इथं एकच आजार असतो, ऊन.

बाईमाणूस तर अजिबात असू नका.

केसपेपर लिहिणाऱ्या पोराशी गोड बोला, निदान तोच करतो. आमच्या आत्याला दम लागत होता, जबडा दुखत होता, घामानं पदर भिजलेला, त्यानं लिहिलं 'ऊन लागले' आणि आतल्या साहेबांनी तेवढंच वाचून मान वर न करता सलाईन लावली. "जबडा लई दुखतोय ओ" म्हटलं तर म्हणे दाताच्या डॉक्टरला दाखवा! संध्याकाळी दुसरीकडे ईसीजी काढला, तिथून थेट आयसीयू.

डॉक्टर पण माणूसच, चुकतो, असलं काय मोजता येतं का, असं मनात आलं असेल तर येतं की. पेशंट कागदावर लिहायचा, एखादीच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि डॉक्टरचं उत्तर किती हलतंय बघायचं. 1982 साली अमेरिकेत हेच केलं, फुफ्फुसाचा कॅन्सर, ऑपरेशन करू की रेडिएशन देऊ? काही डॉक्टरांना सांगितलं ऑपरेशननंतर महिन्याभरात 100 तले 90 जगतात, काहींना सांगितलं 10 मरतात. हिशोब तोच ना ओ? तरी जगण्याचा आकडा ऐकलेल्यांपैकी 84 टक्के ऑपरेशन म्हणाले आणि मरण्याचा ऐकलेल्यांपैकी 50. नुसत्या शब्दानं एवढा फरक, तोपण निवांत बसून उत्तर देताना, मग इथं बाहेर साठ पेशंट ताटकळलेत आणि कागदावर आधीच 'ऊन' लिहिलंय तर काय होणार!

जुनी फाईल घरीच ठेवा, नायतर आधीच्यानं लिहिलेलंच पुढचा उतरवून काढतो.

गुगल केलं असं चुकूनसुद्धा बोलू नका.

जाऊ दे, टिप्स बास झाल्या. अहो साहेब, बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही, जबडा, पाठ, दम, नुसता थकवापण असतो, हे तुम्हाला मी सांगायचं का? पहिलं मनात आलं तेच धरून बसायची सवय सगळ्यांनाच असते, मान्य, पण तुम्ही त्याचे पैसे घेता. 'अजून काय असू शकतं' एवढं स्वतःला विचारायला किती वेळ लागतो? ईसीजीचं मशीन तुमच्याच टेबलामागं कव्हर घालून ठेवलंय, ते काढायचं होतं आधी, सलाईन नंतर लावली असती तरी चाललं असतं.