डोमेन ‘कायमचं विकत’ मिळत नाही, तो फॉरवर्ड डोळे झाकून पुढे ढकलू नका

छोट्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, एकदा घेतलं की आयुष्यभराचं तुमचं, पैसे तुम्ही भरले म्हणजे ते कुणाच्याही नावावर असलं तरी चालतं, तारीख चुकली की त्याच रात्री दुसरा कुणीतरी उचलतो, ट्रेडमार्क असेल तर नाव आपोआप परत मिळतं आणि डॉट इन म्हणजे सरकारमान्य साइट. यावर विश्वास ठेवून लोकांचं खरंच नुकसान होतं म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आयुष्यभराचं? नाही. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं, पुढे परत रिन्यू करायचं. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ यादी व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था नियम ठरवते आणि आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार, म्हणजे मधला नोंदणीवाला. पैसे भरतोय तोवर नाव वापरायचा हक्क आपला, एवढंच.

कुणाच्याही नावावर चालतं, हा यातला सगळ्यात घातक मुद्दा. वेबसाइट करून देणारा पोरगा स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःचा ईमेल टाकून डोमेन घेतो, आपण त्याला जीपे करतो आणि निवांत होतो. ओळखीतल्या एका क्लासवाल्या सरांचं असंच झालं, त्या पोराने नंबर बदलला, रिन्युअलचे मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिले, आणि सरांनी रजिस्ट्रारला फोन केला तर समोरून साधं उत्तर आलं की आमच्या रेकॉर्डला तुमचं नावच नाही. बॅनर, पावत्या, व्हिजिटिंग कार्ड सगळीकडे तोच पत्ता छापलेला. जमिनीचे पैसे कुणीही मोजले असोत, सातबाऱ्यावर नाव कुणाचं तेच बघतात ना, तसंच इथं रजिस्ट्रंट, म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो, कोण आहे ते बघतात. हल्ली डोमेन कुणाचं आहे ते ऑनलाइन शोधलं तरी नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळे आजच त्या माणसाकडून लॉगिन मागा आणि रजिस्ट्रंटचं नाव आणि ईमेल आपला आहे का ते स्वतः उघडून बघा. रेकॉर्डला तुम्ही असाल तर दुसरीकडे न्यायला लागणारा ऑथ कोड रजिस्ट्रारला ५ दिवसांत द्यावाच लागतो, नवीन डोमेनला मात्र पहिले ६० दिवस साधारणपणे हलवता येत नाही.

तारीख चुकली की रात्रीत जातं, हेही खोटं. डॉट कॉमला आधी रजिस्ट्रारची सवलतीची मुदत, जास्तीत जास्त ४५ दिवस, ती कमी-जास्त असू शकते. नंतर ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे सोडवून घ्यायची मुदत, त्यात परत मिळतं पण दंड चांगलाच बसतो, आणि शेवटी ५ दिवस डिलीटच्या रांगेत, तिथं कुणाचंच काही चालत नाही. पण म्हणून बिनधास्त राहू नका, कारण बरेच रजिस्ट्रार सवलतीच्या मुदतीतच नाव लिलावाला काढतात आणि साइट अन् ईमेल तर लगेच बंद पडू शकतात. १९९९ च्या नाताळात हॉटमेलचं लॉगिन ज्यावरून चालायचं ते मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं आणि लोकांना हॉटमेल उघडता येईना, शेवटी मायकल चेनी नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी रुळावर आली.

ट्रेडमार्कचं म्हणाल तर आपोआप काहीच होत नाही. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे असं स्पष्ट केलं हे खरं, पण भांडावं लागतं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी, या डोमेनचे वाद पंचांसमोर सोडवायच्या पद्धती. यूडीआरपीत नाव तुमच्या मार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि त्याने वाईट हेतूने घेऊन तसंच वापरलं, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे एका पंचासमोर केस टाकायची फीच १५०० डॉलर आहे, वकील वेगळा.

आणि डॉट इन. ते निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते, पण घेऊ शकतो जगातला कुणीही. सरकारी साइटच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, जसं महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन, ते बाहेरच्या माणसाला मिळत नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर यायला सांगितलं होतं, आणि ती नावं फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने उभारलेल्या संस्थेकडूनच मिळतात. बँकेची म्हणून लिंक आली तर सुरुवातीच्या दोन टिंबांनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या अगदी अलीकडे (रेघ नसेल तर लिंकच्या शेवटी) डॉट बँक डॉट इन, म्हणजे बँक शब्दाच्या आधीही टिंब, आहे का बघा. तेच शब्द नावाच्या मध्येच कुठेतरी असतील आणि शेवट भलताच असेल तर ती साइट बँकेची नाही.