आजीचा खोकला आणि कर्क स्मिथ

माझी आजी पाटण तालुक्यातली. विडी-तंबाखूला तिनं आयुष्यात हात लावला नाही. शेवटी शेवटी चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली, तेव्हा वडील तिला शहरात घेऊन आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "आजी किती वर्षांपासून विडी ओढतात?" वडील चिडलेच. आजीला नीट ऐकू आलं नव्हतं. ती ओठांचा चंबू करून, फुंकणी फुंकावी तसा श्वास सोडत बसली होती.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला खूप उशिरा मिळालं, एका अमेरिकन माणसाच्या कामात. आपल्याकडे त्यांचं नाव फार कुणाला माहीत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

कर्क स्मिथ. जन्म १९४७, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. ऊर्जेच्या वेगवेगळ्या साधनांमुळे माणसाच्या जिवाला किती धोका होतो, याचा अभ्यास करणारा माणूस. त्या काळी ऊर्जा म्हटलं की अणुभट्ट्या, कोळसा, तेल यांचीच चर्चा. स्मिथना दिसलं की जगातली निम्मी माणसं लाकूडफाट्यावर आणि शेणकुटांवर रांधतात आणि तो धूर कुणी मोजलेलाच नाही. १९८१ च्या सुमारास ते भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा खेचणारे छोटे पंप लावले आणि त्या जी हवा आत घेत होत्या तीच मोजली. घनमीटरला सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास धूलिकण निघाले. आज आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या बारीक धुळीची, म्हणजे पीएम १० ची, दिवसाची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. दोन्ही मापं तंतोतंत सारखी नाहीत, पण अंदाज यावा.

चूल तासभर पेटली की ४०० सिगारेटींइतका धूर निघतो, हे ते नेहमी सांगत. आमची आजी पहाटे चार-साडेचारला चूल पेटवायची. आधी अंघोळीचं पाणी, मग चहा, मग भाकऱ्या, वैलावर कालवण. संध्याकाळी पुन्हा तेच. पावसाळ्यात ओलं सरपण, घरभर धूर. आम्ही पोरं डोळे चोळत अंगणात पळायचो. ती तिथंच बसलेली असायची.

स्मिथचं आणखी एक गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. उंच धुराड्यातून सुटलेला एक ग्रॅम धूर आणि स्वयंपाकघरात सुटलेला एक ग्रॅम धूर वजनाला सारखाच. पण घरातला धूर माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता हजारपटीच्या घरात जास्त. कारखान्याची चिमणी सगळ्यांना दिसते, तिच्याविरुद्ध मोर्चाही निघतो. चुलीपुढच्या बाईसाठी कोण मोर्चा काढणार?

बरीच वर्षं त्यांचाही भर सुधारित चुलीवरच होता. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ घरांवर त्यांनी चाचणी केली. काही घरांना धुराडं असलेली चूल लगेच दिली, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. निकाल २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. धुराशी संपर्क निम्म्यावर आला, बाळांचा गंभीर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशानं घटला. पण एकूण न्यूमोनियातली घट आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. निम्मा धूरसुद्धा फारच होता.

इथं मला हा माणूस मोठा वाटतो. २०१४ मध्ये दिल्ली आयआयटीच्या अंबुज सागर यांच्याबरोबर त्यांनी लेख लिहिला. मथितार्थ असा, की गरिबाकडे आहे तेच जळण थोडं स्वच्छ करत बसण्यात आपण दशकं घालवली. आता जे मुळातच स्वच्छ आहे, गॅस आणि वीज, तेच चुलीपुढच्या बाईपर्यंत पोचवा. आयुष्यातली इतकी वर्षं सुधारित चुलीला दिलेल्या माणसानं हे लिहिणं सोपं नव्हतं.

पुढे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तिच्यामागच्या विचारात या संशोधनाचा वाटा होता. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. आपल्या जुन्नर भागातही त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांना गॅस देऊन चूल सुटते का, याचा अभ्यास केला. जून २०२० मध्ये स्मिथ गेले. करोनाच्या त्या धामधुमीत बातमी कुठल्या कुठे गेली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतासह चार देशांत, आपल्याकडे तमिळनाडूत, गॅसची मोठी चाचणी झाली; तिचे निकाल त्यांच्या माघारी आले. गॅसवाल्या घरांतल्या बायकांच्या श्वासातले सूक्ष्म कण चूलवाल्यांच्या घनमीटरला ७१ मायक्रोग्रॅमच्या जागी २४ वर आले. तरी बाळांच्या जन्मवजनात आणि गंभीर न्यूमोनियात ठोस फरक दिसला नाही. काहींनी लगेच विचारलं, मग गॅसवर खर्च कशाला? मला या प्रश्नाचा राग येतो. बाईच्या छातीची किंमत तिच्या बाळाच्या वजनावरून का ठरावी? आजीची फुप्फुसं पन्नास-साठ वर्षं धूर खाऊन गेली. दीड-दोन वर्षांच्या चाचणीत ते कसं दिसणार?

आणि आपण? हायवेला दर दहा किलोमीटरवर 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी. आपण गाडी थांबवतो, फोटो टाकतो, चव गावाकडची म्हणतो. मीही टाकलेत असे फोटो. भाकरी थापणाऱ्या बाईचे डोळे किती लाल आहेत ते एकाही फोटोत नीट दिसत नाही.

गावी काकूकडे उज्ज्वलाचं सिलिंडर आहे. गेल्या दिवाळीत बघितलं तर त्यावर गोणपाट टाकलेलं. गॅस चहाला आणि पाहुण्यांना, भाकरी आणि पाणी चुलीवर. "संपलं की परत भरायला पैसं नगं का?" ती म्हणाली. तिचं एकटीचं नाही हे. २०१८ च्या अखेरीस सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'नं काढलेली उज्ज्वलाची सरासरी वर्षाला ३.२१ सिलिंडर होती. घरचा सगळा स्वयंपाक त्यात कुठून व्हायचा?

आम्ही भावंडांनी ठरवलं, काकूचं सिलिंडर आम्ही भरायचं, संपेल तेव्हा. पाणी तापवायला चूल अजून पेटते, पण ती अंगणात. भाकरी गॅसवर आली. पहिले पंधरा दिवस फुगत नाही म्हणून कुरकुर होती. परवा फोन केला तर म्हणाली, "आता फुगती. आच बारीक ठिवायची, एवढंच."