लिटर मागितलं की लिटरच द्या

महिन्याच्या यादीत मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सूर्यफूल तेल, 1 लिटर, 5 पिशव्या. दुकानातला पोरगा सामान टाकून गेला. पहिली पिशवी कापून किटलीत ओतली, तर तेल मानेपर्यंत आलंच नाही. किटली लग्नात आलेली, मापाने लिटरची. आजवर पिशवी ओतली की वर बोटभर जागा राहायची, आता तीन बोटं राहिली. पिशवी उलटी करून पिळली, चार थेंब पडले. मग चष्मा लावून शिवणीजवळची बारीक अक्षरं वाचली. 800 ग्रॅम.

लिटरभर तेल 910 ग्रॅम भरतं. म्हणजे एका पिशवीत 110 ग्रॅम कमी, पाच पिशव्यांत 550. अर्ध्याहून जास्त पिशवी गेली! आणि पिशवी मात्र तेवढीच उंच, तेवढीच रुंद, वर तेच पिवळंधमक फूल. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं असणार की उंचीला हात लावायचा नाही, रंगाला लावायचा नाही, फक्त आतलं काढायचं. याला मी चोरी म्हणते. कायद्यात बसत असेल तरी चोरीच म्हणते.

उरलेल्या चार पिशव्या घेऊन तशीच दुकानात गेले. शेठ म्हणाले, "ताई, आता सगळ्यांचं हेच येतंय. आणि स्वस्त पडतं की, लिटरची 155 ला आहे, ही 140 ला."

स्वस्त? मी तिथेच त्यांचा कॅलक्युलेटर ओढला. 155 ला 910 ग्रॅम म्हणजे किलोला 170 रुपये. 140 ला 800 ग्रॅम म्हणजे किलोला 175. पंधरा रुपये कमी सांगायचे आणि किलोमागे पावणेपाच रुपये जास्त काढायचे. पाच पिशव्यांच्या चार किलोंत वीसेक रुपये. हे शेठना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. तीस वर्षं तागडी धरलेला माणूस आहे तो.

आता म्हणे पाकिटावर दर ग्रॅमचा भाव छापावा लागतो. छापलाय ना. किलोच्या आतलं पाकीट असेल तर भाव ग्रॅममागे, तोही दोन दशांशांपर्यंत. म्हणजे रुपयाला शून्य दशांश अमुक. यातून कुठल्या बाईने गल्ल्यासमोर उभं राहून काय समजून घ्यायचं? शेजारची लिटरची पिशवी लिटरचा भाव सांगते, ही ग्रॅमचा. दोन्ही ताडून बघायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय तो भाव छापील एमआरपीवरून काढलेला, आणि दुकानात विक्री वेगळ्याच किमतीने. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, डिटर्जंट अशा किती तरी जिनसांची मापं नियमात ठरलेली होती, पाव किलो, अर्धा किलो, किलो, लिटर. 2022 मध्ये ती सक्ती काढून टाकली. कंपनीने वाटेल त्या वजनाचं पाकीट काढावं, फक्त वजन लिहावं. ज्यांनी ही मोकळीक दिली त्यांच्या घरात तेलाची किटली कोण भरतं, हे मला विचारायचंय.

हे सगळं मी शेठशी बोलत होते आणि मागे एक गृहस्थ उभे होते. गाडीची किल्ली गल्ल्यावर वाजवत म्हणाले, "अहो मॅडम, वीस रुपयांसाठी केवढा वेळ घालवताय. लेबल वाचून घ्यायचं ना."

वीस रुपयांसाठी!

एका साडीला पिको केला की माझ्या हातात 30 रुपये येतात. दोरा माझा, वीज माझी, मशीनचं तेल माझं. एका साडीवर मान मोडून बसल्यावर जे उरतं ते तुमचे हे वीस रुपये. आमच्या ह्यांची नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, पगार 24,000. घरभाडं, गॅस, वीज, दोन मुलांचा शाळेचा खर्च, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या गेल्या की किराण्याला किती राहतात याचा हिशेब मी त्या माणसाला द्यायला बांधील नाही. पण बोलायचंच असेल तर वीस रुपयांना काय येतं ते मी सांगते. मेथीची जुडी येते, एका वेळची भाजी होते. पोरीला पावसात शेअर रिक्षाने घरी येता येतं. आणि वीस फक्त तेलाचे. साबणाची वडी बारीक झाली त्याचे वेगळे, चहाच्या पुड्याचे वेगळे, शेंगदाण्याचे वेगळे. हे सगळे वीस-वीस एकत्र केले की आमचा शेवटचा आठवडा जातो. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आमच्याकडे कोण काय खातं ते बघायला या म्हणावं.

आणि लेबल वाचायचं म्हणे. यादीत लिटर लिहिलं होतं. सामान घरपोच आलं. मी कुठे उभं राहून लेबल वाचायचं होतं? मला सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची आहे. फसवणारा निवांत बसतो आणि फसलेल्या बाईने हुशार असायला हवं होतं म्हणून तिलाच चार लोकांत ऐकवतात. शेठ तेव्हा गालात हसले, तेही मी विसरणार नाही. पिशव्या मी परत केल्या, लिटरच्या घेतल्या, वरचे पैसे मोजून दिले आणि त्या गृहस्थांना सांगितलं की तुमची रांग अजून पाच मिनिटं थांबेल. थांबले.

तेलाच्या डब्याचंही हेच. पूर्वी दिवाळीला आम्ही जावा-जावा मिळून 15 किलोचा डबा आणायचो आणि वाटून घ्यायचो. मग कधीतरी त्याच पत्र्याच्या डब्यावर 15 लिटर आलं. 15 लिटर म्हणजे 13 किलो 650 ग्रॅम. सव्वा किलोच्या वर तेल एका शब्दात गेलं, आणि दुकानात सगळे अजून त्याला पंधराचा डबाच म्हणतात.

2024 च्या सप्टेंबरचा राग तर माझा अजून गेलेला नाही. गणपती बसलेले होते. 14 तारखेपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, म्हणजे भाव चढणार हे उघड. पण जुन्या शुल्कात आलेला साठा देशात पडून होता, 45 ते 50 दिवस पुरेल एवढा. हे सरकारनेच सांगितलं, आणि तो साठा असेपर्यंत एमआरपी वाढवू नका असंही कंपन्यांना सांगितलं. माझ्या दुकानात चार दिवसांत पिशवी महाग झाली. जुन्या भावाचं तेल नव्या भावाने विकलं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. 2025 च्या मेअखेर कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 20 चं 10 झालं, तेव्हा भाव उतरायला किती घाई होती? पिशवीमागे चार-पाच रुपये, तेही वाट बघून बघून.

वाढवताना काय सांगितलं? सोयाबीन शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. माझं माहेर येवल्याकडचं, भावाचं सोयाबीन असतं. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. त्याच्या हातात 4,100 च्या आसपास पडले. मी तेलाला जास्त मोजले, त्याने सोयाबीन कमीत दिलं. मग मधले पैसे कुणाकडे राहिले? बहीण-भाऊ दोघंही मार खाऊन बसलो. मी महागाईवर बोलले की लगेच कुणीतरी येतं, शेतकऱ्याला दोन पैसे मिळू द्या म्हणतं. अहो, मिळू द्या ना! मी शेतकऱ्याचीच पोर आहे. भावाला मिळणार असतील तर किलोमागे दहा रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. त्याला मिळत नाहीत, म्हणून तर ओरडतेय.

कांद्याचं तर बोलायलाच नको. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी सांगितलं की ज्याला परवडत नाही त्याने दोन-चार महिने कांदा खाऊ नये, काही बिघडत नाही. डिसेंबरात निर्यातच बंद केली. भावाने तेव्हा साठवणीच्या चाळीतला कांदा कसा विकला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाजार चढला की ग्राहकाने खाऊ नये, उतरला की शेतकऱ्याने रडू नये. लासलगाव आमच्यापासून तासा-दीड तासावर. तिथे काय भावाने गेला आणि बुधवारच्या बाजारात मला काय भावाने मिळाला यातलं अंतर मला रोज दिसतं.

मग आला नोव्हेंबर. बातम्यांत सांगितलं की ऑक्टोबर 2025 ची किरकोळ महागाई 0.25 टक्के. शून्यावर पाव! आमच्या इमारतीतले एक काका जिन्यात अडवून मला सांगत होते की आता महागाई संपली, बायकांना उगाच रडायची सवय. काका, वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरात भाज्या 42 टक्क्यांनी महागलेल्या होत्या. त्या आकड्याशी तुलना केली की यंदाचा आकडा खालीच दिसणार. आणि भाजी स्वस्त झाली ती कुणाच्या जिवावर? चाळीत सहा महिने सांभाळलेला कांदा क्विंटलला हजार-अकराशेला घालणाऱ्या माझ्या भावाच्या. तुमच्या त्याच पाव टक्क्याच्या महिन्यात तेल-तूप 11 टक्क्यांहून जास्त महागलेलं होतं. खोबऱ्याला तर हात लावायची सोय नव्हती. सासूबाईंना सुक्या खोबऱ्याच्या चटणीशिवाय भाकरी जात नाही. आता त्या न बोलता लसणाची खातात, आणि लसूण 400 रुपये किलो झाला होता तेव्हा नुसत्या तिखट-मिठाची खाल्ली होती. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच माझा जीव जास्त तुटतो.

रेशनला जावं तर कार्ड पांढरं. वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की पांढरं कार्ड, ही मर्यादा 1999 ची. महिन्याला 8,333 रुपयांहून जास्त मिळवणारं कुटुंब सरकारच्या लेखी सुखवस्तू! 1999 मध्ये असेल. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आज त्या पैशात नाशकात दोन खोल्यांचं भाडं भागवून बघा. रेशन दुकानाबाहेर दर महिन्याला तांदळाच्या पिशव्या घेऊन बायका निघतात, त्यांना मिळतंय याचं मला वाईट वाटत नाही, मिळायलाच हवं. पण आम्ही कुठल्या रंगात बसतो ते तरी सांगा.

आणि ते मोबाईलवरचे सल्ले. चकचकीत ओट्यासमोर उभी राहून कुणीतरी सांगते की यादी करूनच बाजारात जा, पोट भरलेलं असताना खरेदी करा, डाळी मोठ्या प्रमाणात भरा. बाई, मोठ्या प्रमाणात भरायला एकदम पैसे लागतात. ज्यांच्याकडे एकदम असतात त्यांना सगळंच स्वस्त पडतं. माझ्यासारखी पाव-पाव किलो नेणारी प्रत्येक पावशेराला जास्त मोजते. तेल कमी खा, तब्येतीला चांगलं, असंही ऐकवतात. पाच माणसांत पाच लिटर. माणशी महिन्याला एक. त्यातही पाहुणे आले, मुलांच्या डब्याला दोन पुऱ्या तळल्या की मी पुढच्या भाज्या वाफेवरच काढते. अजून कुठून कमी करू?

आता शेठच्या दुकानात मी काय ठरवून आले ते सांगते. यादीत पिशव्या, पुडे, पाकिटं लिहायचं बंद. प्रत्येक जिनसापुढे ग्रॅम लिहायचे आणि पोरगा गेटवर असतानाच वजन वाचून घ्यायचं, कमी असेल तर जागेवर परत. शेजारच्या तिघींनाही हे पटलंय, आणि आम्ही चौघी एकाच दुकानातून भरतो हे शेठना चांगलं माहीत आहे. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरायचेत. 2022 च्या जुलैत 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्यावर 5 टक्के जीएसटी बसला आणि कर चुकवायला 26 किलोचे कट्टे निघाले. कर चुकवा हो, पण आमच्याकडे 30 चा म्हणून येणारा कट्टाच 26 चा झाला होता आणि आम्हाला चक्कीवर दळायला टाकताना कळलं. यंदा चौघींचे कट्टे दुकानातच काट्यावर चढतील, एकेक करून, आमच्या डोळ्यांदेखत. मागे कितीही रांग लागू दे.