गाढवावर बसून गाणं हिट होत नाही

"घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात्" हे सुभाषित वर टाकून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. मडकं फोडा, कपडे फाडा, गाढवावर बसा पण चर्चेत राहा, पॉपस्टार लोकांना म्हणे हे बरोबर कळलंय, करिअर उतरणीला लागलं की एक स्टंट करायचा आणि परत टॉपला. उदाहरणं तीन: केटी पेरी, मायकल जॅक्सन आणि गायिका शेर (Cher). तिन्ही गंडलेली, निदान अडीच तरी.

केटी पेरी. 2010 च्या अल्बममधली पाच गाणी अमेरिकेत नंबर वन, असं तिच्याआधी फक्त जॅक्सनला जमलेलं. आणि 2024 चं कमबॅक गाणं? तिथे 63 व्या नंबरच्या वर सरकलंच नाही. मग 14 एप्रिल 2025 ला बाई ब्लू ओरिजिन या अंतराळ कंपनीच्या रॉकेटमधून साधारण 11 मिनिटं वर जाऊन आल्या, तिथे कॅमेऱ्यासमोर कागदी फुलपाखरू धरलं ज्यावर टूरमधल्या गाण्यांची यादी (खरंच!), खाली उतरून जमिनीला पप्पी. गाढवाऐवजी रॉकेट, एवढाच फरक. चर्चा तुफान झाली, पण ती मीम्सची, एका बर्गर कंपनीनं तर हिला परत वर पाठवता येईल का असं विचारलं, आणि आदल्या वर्षीच्या अल्बममधलं एकही गाणं त्यामुळे वर आलं नाही. टूर चालली की, म्हणाल. अहो, तिकिटं कितीतरी महिने आधीपासून विकायला होती आणि लोक जातात ते 2010 ची गाणी ऐकायला.

जॅक्सनचं उदाहरण तर उलटंच आहे. ऑक्सिजनच्या पेटीत झोपतो ही बातमी 1986 ची, तेव्हा तो कुठे उतरणीला होता? ती त्याच्याच गोटातून सोडलेली असं चरित्रकार लिहितात. पुढे 1993 मध्ये टीव्हीवर मुलाखतीत ऑप्रा विन्फ्रीला बिचारा सांगत बसला की मी तिथे झोपत नाही हो, पण तोवर "विक्षिप्त" हा शिक्का बसलेला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

शेरचा अर्धा मुद्दा मान्य. 2002 ते 2005 निरोपाची टूर केली आणि 2014 ला बाई परत टूरवर हजर, आपल्याकडच्या "शेवटचे 3 दिवस" सेलसारखं. पण ती परत वर आली ते 1998 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, एका गाण्यावर, त्यातल्या त्या रोबोटसारख्या आवाजावर. आणि गंमत म्हणजे त्या आवाजाची ट्रिक ऑटोट्यूनची (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) आहे हे निर्मात्यांनी लपवलं, व्होकोडर (आवाज यंत्रासारखा करणारं जुनं उपकरण) वापरला म्हणून चक्क थाप मारली!

पोस्टमध्ये ब्रिटिश गायिका केट बुश का नाही ते कळलं असेलच. 1985 चं गाणं, नेटफ्लिक्सच्या एका सिरीजमध्ये वाजलं आणि 2022 ला, 37 वर्षांनी, ब्रिटनमध्ये नंबर वन झालं. तिनं काय केलं? वेबसाइटवर लिहून आभार मानले, रेडिओवर एक मुलाखत दिली, बास.