‘सलग ७४१ आठवडे’ आणि इतर ऐकीव गोष्टी

मराठी विकिपीडियासाठी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमवरचा लेख मी सध्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर) वाढवतोय. तेवढ्यात तो फॉरवर्ड परत आला. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम मार्च १९७३ चा, त्यामुळे मार्च लागला की हा संदेश उगवतो. सात ‘थक्क करणाऱ्या’ गोष्टी, प्रत्येकीपुढे ज्वाळेचं चित्र, आणि तळाला ओळ: “हे विकिपीडियावर मिळणार नाही. लेख सुधारायचा असेल तर ही माहिती घाला.” या वेळी कॉलेजच्या ग्रुपवर टाकणाऱ्या मित्राने मला नावानिशी विचारलं, “घालतोयस ना?”

नाही घालत. सातांपैकी एकही गोष्ट सपशेल थाप नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. धडधडीत खोटं कुणीही ओळखतं. इथे प्रत्येक वाक्यात बरंचसं खरं आहे आणि एखादाच शब्द घात करतो.

“अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ सलग ७४१ आठवडे होता.” बिलबोर्ड म्हणजे खपणाऱ्या अल्बमची दर आठवड्याला क्रमवारी लावणारं मासिक. ७४१ बरोबर, दोन्ही सालंही बरोबर. ‘सलग’ चूक. त्यासाठी ग्रंथालयात जायची गरज नाही, कॅलेंडर पुरे. ७४१ आठवडे म्हणजे सव्वाचौदा वर्षांहून जरा कमी. १७ मार्च १९७३ च्या यादीपासून न थांबता मोजत गेलो तर १९८७ चा मे संपताना आकडा भरतो. मग १९८८ कुठून आलं? मधल्या काळात अल्बम यादीतून बाहेर पडला आणि परत आला, म्हणून. ७४१ ही बेरीज आहे. आणि ती तिथे थांबलेलीही नाही. जुन्या अल्बमना मुख्य यादीत न घेण्याचा नियम बिलबोर्डने २००९ मध्ये सैल केला, मग हा अल्बम पुन्हा आत आला आणि एकूण आठवडे ९०० च्या पुढे गेले. म्हणजे फॉरवर्ड एकीकडे फुगवतोय आणि दुसरीकडे कमीही सांगतोय. मला यातली सर्वांत मजेशीर वाटणारी गोष्ट मात्र त्यात नाहीच: इतकी वर्षं यादीत ठाण मांडून बसलेला हा अल्बम १९७३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर फक्त एक आठवडा होता. ब्रिटनमध्ये तर तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही.

‘सलग’ला संदर्भ द्यायचा म्हटला तर ढीगभर पानं सापडतात. पण शेजारी शेजारी उघडून ठेवली की वाक्यरचनासुद्धा तीच दिसते, म्हणजे सगळ्यांनी एकाच घरून विरजण आणलेलं. त्यात काहींनी ते विकिपीडियाच्याच कुठल्या तरी जुन्या आवृत्तीतून उचललेलं असतं. ते पान विकिपीडियालाच संदर्भ म्हणून जोडायचं म्हणजे स्वतःच स्वतःला जामीन राहायचं.

आता सगळ्यांचा लाडका मुद्दा. “‘द विझार्ड ऑफ ऑझ’ चित्रपट बघत बघत हा अल्बम बनवला. दोन्ही एकत्र लावून बघा, अंगावर काटा येईल.” मी लावून बघितलंय, हॉस्टेलवर, आणि काटा आलाही होता. एका बाजूला १९३९ चा पावणेदोन तासांच्या आतबाहेरचा चित्रपट, दुसऱ्या बाजूला जेमतेम त्रेचाळीस मिनिटांचा अल्बम. इतक्या वेळात काहीच जुळलं नसतं तरच नवल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण फक्त मोडलेल्या फांद्या मोजतो. नुसता बसून उडून गेलेला कावळा कुणाच्या लक्षात राहतो?

तर्क बाजूला ठेवून व्यवहाराचं बोलू. अल्बमचं ध्वनिमुद्रण लंडनच्या ईएमआय स्टुडिओत १९७२ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि १९७३ च्या सुरुवातीला संपलं. (आज त्याला ॲबी रोड म्हणतात, पण ते अधिकृत नाव नंतरचं. लेखात मी हेही दुरुस्त केलं.) बीटामॅक्स आणि व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ टेप बाजारात यायला अजून काही वर्षं होती. चित्रपट पुढेमागे करत संगीत बेतायचं तर कशावर? ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्सने नेमकं हेच सांगितलंय, की स्टुडिओत व्हिडिओ टेप लावायची सोयच नव्हती. शिवाय हा अल्बम स्टुडिओत जन्मलाच नाही. जानेवारी १९७२ पासून बँड तो रंगमंचावर वाजवत होता, ब्रायटनला, मग फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये. ध्वनिमुद्रणाच्या आधी तो प्रेक्षकांसमोर घासूनपुसून झाला होता.

ही कल्पना छापून आली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, इंडियानातल्या फोर्ट वेनच्या एका वृत्तपत्रात. अल्बमनंतर बावीस वर्षांनी. मग लेखात यातलं काहीच नको का? हवं. पण ‘असं मानलं जातं’ या सदराखाली, कुणी कधी पसरवलं ते सांगून. लोकांची समजूत ही नोंद करण्याजोगी घटना असते, फक्त तिला निर्मितीच्या इतिहासात बसवायचं नसतं. आणि एक सावधगिरी. ड्रमर निक मेसनने या प्रश्नावर, ऑझशी काही संबंध नाही, आम्ही तर ‘द साउंड ऑफ म्युझिक’वर बेतलं होतं, असं उत्तर दिलेलं आहे. उद्या कुणी उत्साही सदस्य तेवढाच तुकडा उचलून संदर्भासकट घालील. प्रत्यक्ष बँडमधला माणूस, मुलाखत खरी, वाक्य खरं, आणि माहिती शून्य. संदर्भ जोडला की काम झालं असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

“हा अल्बम म्हणजे अपोलो मोहिमांना मानवंदना.” इथे दोन गोष्टींची खिचडी झालीय. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा बीबीसीच्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडने उत्स्फूर्त वादन केलं होतं, ते खरं. या अल्बममधला चंद्र मात्र वेडाचा आहे. इंग्रजीत वेड्याला ‘लूनॅटिक’ म्हणतात तो शब्द चंद्रावरूनच आला, आणि १९७२ च्या त्या प्रयोगांच्या पूर्ण नावात हा शब्द होता. बँडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट मानसिक आजाराने हातातून निसटत गेला, १९६८ मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. ती सावली या गाण्यांवर आहे. शीर्षकावर चंद्राचा हक्क इतका कच्चा, की मेडिसिन हेड नावाच्या दुसऱ्या बँडने १९७२ मध्ये याच नावाचा अल्बम काढला तेव्हा यांनी नाव बदलून ‘एक्लिप्स’ केलं. तो अल्बम आपटला आणि मूळ नाव परत आलं.

अगदी शेवटी, हृदयाच्या ठोक्यांवर, चंद्राला मुळात अंधारी बाजू नसतेच, सगळाच अंधार आहे, अशा अर्थाचं बोलणारा आवाज येतो. तो कुणा खगोलशास्त्रज्ञाचा नव्हे, स्टुडिओच्या आयरिश दरवानाचा, जेरी ओ’ड्रिस्कॉलचा. बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओत सापडेल त्याला विचारले होते: वेडाबद्दल, मारामारीबद्दल, मरणाबद्दल. “पॉल मॅकार्टनीचा आवाजही यात आहे,” हा फॉरवर्डचा चौथा मुद्दा यातूनच निघाला. बीटल्सवाल्या मॅकार्टनीला आणि त्याच्या बायकोलाही प्रश्न विचारले होते, पण त्यांची उत्तरं अल्बममध्ये घेतली नाहीत. दरवानाची घेतली. लेखात मी यावर एक अख्खा परिच्छेद दिलाय आणि तो कुणी छाटू नये यासाठी चर्चा पानावर भांडायची माझी तयारी आहे.

“निर्माता ॲलन पार्सन्स.” वेष्टन उलटा आणि वाचा: निर्मिती पिंक फ्लॉइड. पार्सन्स ध्वनितंत्रज्ञ होता, शेवटच्या ध्वनिमिश्रणावर ख्रिस थॉमसची देखरेख होती. श्रेयनामावलीसाठी वेष्टनासारखा दुसरा पुरावा नाही. त्याने पार्सन्स लहान होत नाही. ‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला दचकवणारी घड्याळं त्यानेच जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टेपवर घेतली होती, तीही दुसऱ्याच एका प्रात्यक्षिकासाठी.

“मुखपृष्ठावर इंद्रधनुष्याचे सात रंग.” मोजा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर मिळणाऱ्या टीशर्टवर मोजलेत तरी चालेल. सहा आहेत, पारवा नाही. कल्पना हिप्नोसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या जोडगोळीची, रेखाटन जॉर्ज हार्डीचं. पुढे.

सातवा मुद्दा मला सर्वांत जास्त छळतो, कारण तो रागावून लिहिलेला आहे आणि राग अगदीच अनाठायी नाही. “‘द ग्रेट गिग इन द स्काय’ गाणाऱ्या गरीब मुलीला ३० पौंड देऊन हाकललं. तिचं नाव आजही कुठे नाही.” गायिका क्लेअर टोरी. जानेवारी १९७३ मधला एक रविवार, शब्द नाहीत, फक्त बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटची सुरावट आणि ‘मरणाबद्दल आहे’ एवढी सूचना. तिने स्वतःचा गळा वाद्यासारखा वापरला, दोनअडीच वेळा गायली आणि घरी गेली. ३० पौंड खरे आहेत. पण ती कुणी रस्त्यावरून उचलून आणलेली मुलगी नव्हती, स्टुडिओत गाणं हा तिचा धंदाच होता, आणि रविवार म्हणून ते दुप्पट दराने मिळालेले पैसे होते. आपलं गाणं वापरलं जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. पुढे दुकानात रेकॉर्ड पाहिली तेव्हा त्यावर स्वतःचं नाव वाचून तिला कळलं. म्हणजे गायिका म्हणून नाव पहिल्या दिवसापासून होतं. नव्हतं ते रचनाकार म्हणून, आणि मानधन आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) यांतला सगळा फरक तिथे आहे. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासूनच्या आवृत्त्यांवर रचना ‘राइट, टोरी’ अशी छापली जाते.

‘हाकललं’ हा शब्द लेखात जात नाही. ‘अन्याय झाला’ हेही मी माझ्या तोंडाने लिहू शकत नाही, माझं मत काहीही असो. (माझं मत: झाला.) पण ३० पौंड, रविवार, दावा आणि बदललेलं श्रेय एकापाठोपाठ मांडलं की वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटतं.

मित्राने हे सगळं वाचून विचारलं, मग तू घातलंस तरी काय? त्याला वाटत होतं लेख लांबला की सुधारला. गेल्या महिन्यात मी जितकं लिहिलं त्याहून जास्त काढलं. ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम’ गेलं. ‘साडेचार कोटी प्रती’ राहिलं, पण अंदाज म्हणून, आणि त्याच्यापासून वेगळं अमेरिकेतलं प्रमाणित दीड कोटी. ब्रिटनमधली प्रकाशनाची तारीख पुस्तकागणिक वेगळी निघते, तिथे नुसतंच मार्च १९७३ ठेवलं. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सने मुंबईत हा अल्बम सबंध वाजवला, त्याला एक वाक्य दिलं. मित्र तिथे हजर होता, त्याला स्वतंत्र विभाग हवा होता. एक वाक्य.

गाण्यांच्या तक्त्यात पाचव्या ओळीवर, म्हणजे ‘द ग्रेट गिग’वर, सध्या अडलोय. रचनाकाराच्या रकान्यात नुसतं राइट लिहिलं तर आजच्या सीडीशी जुळत नाही, राइट आणि टोरी लिहिलं तर १९७३ च्या रेकॉर्डशी. दोन्ही नावं लिहून खाली टीप दिलीय: २००५ पूर्वीच्या आवृत्त्यांवर फक्त राइट. गेल्या आठवड्यात एका अनामिक सदस्याने टोरीचं नाव काढलं, कारणाच्या जागी लिहिलं, “माझ्याकडच्या कॅसेटवर नाही.” खरंच नसणार. मी ते परत आणलं आणि चर्चा पानावर त्याला विचारलंय, कॅसेट कोणत्या साली घेतली होती?